परीक्षा डिसेंबरात असते

"मॅडम, ही परीक्षा आमी आल्यावर नाय का घेता येत?"

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. वर्ग सुटलेला, पोरं व्हरांड्यात सीताफळं फोडत बसलेली, आणि आठवीतली एक मुलगी सरावाचं पुस्तक छातीशी धरून दारात उभी. आल्यावर म्हणजे ऊस तोडून साखर कारखान्याहून आल्यावर, हे तिला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. चार दिवसांनी तिच्या घराला कुलूप लागणार होतं. मी म्हटलं, "तारीख पुण्यात ठरते गं." बँकेच्या काउंटरवर हेच वाक्य मी दिवसातून कितीदा तरी बोलते, फक्त पुण्याच्या जागी मुंबई असते. काउंटरवरचा माणूस निदान वैतागतो, साहेबाला भेटू द्या म्हणतो. ती नुसती "बरं" म्हणाली, पुस्तक माझ्या हातात दिलं, आणि भावाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून निघून गेली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं. कोपरे दुमडून आत डिंकानं चिकटवलेले. त्या कव्हरावर कुणाच्या तरी वाढदिवसाची जाहिरात होती, आणि परतीच्या एसटीत मी बीड येईपर्यंत त्या अनोळखी माणसाचा गॉगल बघत बसले होते.

तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. भाबडा वाटतो, पण तसा तो नाही.

आमचा वर्ग बालाघाटाच्या डोंगरकडेच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत भरतो. वर्ग म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. शाळेच्या भाषेत तो 'जादा तास'. मुख्याध्यापक आमच्या अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, विद्यार्थी. एकदा शाळेच्या खात्याच्या कामासाठी बँकेत आले, आणि उठता उठता म्हणाले, बँकेच्या परीक्षेला तुम्ही ते बुद्धिमत्तेचे प्रश्न घासलेच असतील, रविवारी आमच्या पोरांना शिकवाल का? घासले होतेच. ती मुलगी विचारत होती ती परीक्षा म्हणजे एनएमएमएस, गरीब घरच्या आठवीतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. तिचा पहिला पेपर म्हणजे बौद्धिक क्षमता चाचणी, नव्वद मिनिटांत ९० प्रश्न. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, तोही ९० प्रश्नांचा, त्यात विज्ञान आणि समाजशास्त्र ३५-३५, गणित २०. दुसरा पेपर शाळेतले शिक्षक बघतात. पहिला माझ्याकडे आला, कारण संख्यामालिका, आरशातल्या प्रतिमा आणि नातेसंबंधांची कोडी शिकवायला कुठल्याच विषयाचा तास नसतो. मुलांना मात्र तोच पेपर आवडतो. त्यात धडा पाठ नाही, व्याख्या नाही, आणि उत्तर चुकलं तर ते का चुकलं हे आपलं आपल्याला दिसतं.

पोळ्यानंतरच्या एका रविवारी रंगवलेल्या घनावर आम्ही अडलो. मोठा घन सगळ्या बाजूंनी रंगवला, त्याचे २७ सारखे तुकडे केले, तर तीन बाजू रंगलेले किती, दोन किती, एक किती, एकही नाही असे किती. फळ्यावर मी घन काढला की मुलांना फक्त तीन बाजू दिसत. मागच्या तीन बाजू आहेत, हे माझ्या शब्दावर मानायला त्यांची तयारी नव्हती. मला ते बरंच वाटलं. मग एका पोरानं घरून मातीच्या बैलांची उरलेली चिकणमाती आणली. पिशवीत गच्च बांधलेली, अजून ओली. त्याचा घन थापला, पट्टीनं बाजू सरळ केल्या, वरून गुलाबी रांगोळी चोळली. शिवणाच्या दोऱ्यानं कापायला घेतला तेव्हा सगळा वर्ग माझ्या पाठीवर ओणवा. मातीचा थंड वास, रांगोळीनं शिंका. कोपऱ्यांचे आठ, कडांचे बारा, मधल्या चौकोनांचे सहा. पुढं कारखान्याला गेली तीच मुलगी म्हणाली, थांबा, आणि हात घालून मधला तुकडा काढला. उलटासुलटा करून पाहिला. "ह्याला काईच नाय," ती खात्री पटल्यासारखी म्हणाली, आणि तो तुकडा तिनं दप्तरात टाकला. आईच्या शिव्या खाल्ल्या असणार, कारण दप्तर सगळं चिखल झालं होतं.

अण्णांच्या जादा तासाला माती वगैरे नसे. छडी असे, आणि गूळ-शेंगदाणे. तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला आणि सातवीला व्हायची. जानेवारी लागला की स्कॉलरशिपला बसलेली पोरं शाळेतच मुक्कामाला येत. गोधड्या, जेवणाचा डबा, कंदील. मी मास्तरांची मुलगी म्हणून मलाही जावं लागे. रात्री नऊनंतर अण्णा शब्दकोडी घालत आणि जो झोपेल त्याच्या डोळ्याला पाणी लावत. रॉकेलच्या वासाशी माझं गणित कायमचं जोडलं गेलंय. आजही पेट्रोल पंपावर उभी राहिले की लसावि-मसावि आठवतात. शिष्यवृत्ती मिळाली की पेढे, शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं नाव. अण्णांच्या कारकिर्दीतली ती नावं अजून आहेत तिथं, अर्धी पोपडे निघून गेलेली. लहानपणी ती यादी मी मोठ्या अभिमानानं वाचायचे. आता वाचते तेव्हा आडनावं बघते. आमच्या वर्गात निम्मी मुलं ज्या वस्त्यांवरची होती, त्या वस्त्यांची आडनावं भिंतीवर जवळपास नाहीतच. ती मुलं ढ नव्हती. माझ्या बाकावर बसणारी मुलगी पाढे माझ्याआधी संपवायची. ती दिवाळीनंतर दिसायची नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची तेव्हा तिच्या हातांवर उसाच्या पाल्यानं ओढलेले बारीक पांढरे ओरखडे असायचे. अण्णा हजेरी घेताना तिच्या नावावर थांबत, "कारखाना" असं स्वतःशीच म्हणत आणि पुढं जात. रात्रीच्या मुक्कामी अभ्यासाला कोण येऊ शकत होतं, हा प्रश्न अण्णांना पडला असेल का, मला माहीत नाही. पडला असला तरी त्यांच्या हातात कंदिलापेक्षा जास्त काही नव्हतं.

आता गंमत बघा. गंमत नाही ही, पण दुसरा शब्द सुचत नाही. २००८ मध्ये एनएमएमएस सुरू झाली ती कशासाठी? आठवीनंतर होणारी गळती थांबावी म्हणून. योजनेच्या हेतूतच ते लिहिलेलं आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधली मुलं, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत; निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आधी महिन्याला ५०० होते, २०१७ पासून १,००० झाले. देशाला एक लाख शिष्यवृत्त्या, त्यातल्या ११,६८२ महाराष्ट्राला. सगळं ठीक. आणि परीक्षा असते डिसेंबरात. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलात. म्हणजे ज्या मुलाची आठवीनंतर शाळा सुटण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे, ते मूल परीक्षेच्या दिवशी कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात कुठंतरी फडात असतं. तेरा-चौदाचं वय तर नेमकं धोक्याचं. सहा वर्षांचं पोर आजीकडं ठेवता येतं, आठवीतलं पोर अर्धा कोयता असतं. कोयता म्हणजे ऊस तोडणारं नवराबायकोचं जोडपं. पोर मोळ्या बांधतं, उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करतं, कोपीवर, त्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्यांना सांभाळतं, पहाटे भाकरी थापतं. मुलगी असली तर मागं ठेवायची भीती वेगळीच. त्या भीतीपायी किती जणींची लग्नं उरकली जातात, हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

बरं, फॉर्म भरताना ही मुलं गावातच असतात. पावसाळा सरता सरता शाळेच्या लॉगिनवरून अर्ज जातात, फोटो, सही, उत्पन्नाचा दाखला, सगळं. प्रवेशपत्रं येतात तोवर घरं रिकामी. मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात मागच्या काही वर्षांची ही न वापरलेली प्रवेशपत्रं आहेत. टाकवत नाहीत म्हणाले. निकालात त्यांच्यापुढं फक्त गैरहजर. गैरहजर का, हा रकाना कुठंच नाही. मग आमच्या जादा तासातून पास होणारी पोरं कोण? बहुतेक ज्यांची आजी धडधाकट आहे ती, ज्यांच्या बापाची दोन एकरांत विहीर आहे ती, एखादा अंगणवाडीताईचा मुलगा. सगळी गरीबच आहेत, नाही असं नाही. त्यांना मिळालेला एकेक रुपया योग्य जागी गेलेला आहे. तालुक्याच्या चौकात फ्लेक्स लागतो, गुणवंतांचे हार्दिक अभिनंदन, त्यावर मुलांच्या फोटोंपेक्षा मोठे फोटो इतरांचेच. तो फ्लेक्स बघून मला आनंदही होतो आणि कसंनुसंही होतं, आणि दोन्हीतलं खरं कुठलं ते अजून कळलेलं नाही.

हंगामी वसतिगृहं आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. आमच्या शाळेतही चालतं. मूल गावातच राहतं, सहा महिने दोन वेळचं जेवण मिळतं. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहं मंजूर झाली, तीही चांगलीच गोष्ट. पण जेवण म्हणजे माणूस नाही. रात्री ताप आला तर कोण, पाळी आली तर कोण, हे प्रश्न आया विचारतात आणि मी त्यांना शिष्यवृत्तीचा आकडा सांगते. १२,००० वर्षाला. समोर टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम असते, एका कोयत्याला ५० हजारांपासून लाखापर्यंत आणि पुढंही, आणि ती पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते. कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या खतात. ती फिटायची तर हातांची संख्या मोजावीच लागते. आईला मी काय सांगू?

एकदा आम्ही हट्टानं एका मुलाला आणलं. बापाला फोन, मुकादमाच्या मिनतवाऱ्या, कारखान्याकडून येणाऱ्या एका पिकअपमध्ये पुढं बसवून रात्रभराचा प्रवास. पोरगं पहाटे तालुक्याच्या स्टँडवर उतरलं तेव्हा त्याच्या केसांत पाचटाचे तुकडे होते. मुख्याध्यापकांनी घरी नेऊन आंघोळ घातली, पोहे दिले. साडेदहाला पहिला पेपर. दीडच्या दुसऱ्या पेपरला पोरगं मान टाकून झोपलं. पर्यवेक्षकबाईंनी दोनदा उठवलं म्हणे. निकालात पास होतं, निवड यादीत नव्हतं. आम्ही त्याचं कौतुक केलं आणि ते खरंही होतं, पण त्या वर्षीनंतर मी कुणाला असं आणायचा आग्रह धरलेला नाही. दोन दिवसांची बापाची मजुरी, खाडे, आणि ते मूल परत एकटं त्या रस्त्यानं जाणार. मला ते झेपलं नाही.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं १९८० च्या आसपास मुंबईत एक काम केलं होतं, महापालिकेच्या शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत. हुशार मुलं शोधून त्यांना जास्तीचं शिकवायचं. त्यात त्यांना आढळलं की विज्ञान अडत नव्हतं, पुस्तकाची भाषा अडत होती. वाक्यं सोपी केली, मुलांना बोलू दिलं, हातानं करू दिलं, तशी तीच मुलं वेगळी दिसायला लागली. हे वाचलं तेव्हा मला आमचा चिखलाचा घन आठवला आणि जरा फुशारकी वाटली. पण त्या मुलांकडं आणि आमच्या मुलांकडं पाहताना एक फरक राहतोच. मुंबईतलं मूल संध्याकाळी घरी असतं. आमच्याकडं गुणवत्ता शोधण्याआधी मूल शोधावं लागतं.

म्हणूनच त्या मुलीचा प्रश्न भाबडा नाही. ही परीक्षा केंद्राच्या योजनेची असली तरी ती घेतं राज्यच. पुण्याची परीक्षा परिषद. दुसऱ्या राज्यांत वेगळी तारीख, वेगळा पेपर. महाराष्ट्राचा ऊस कधी तुटतो हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. नववी जूनमध्ये सुरू होते, तोवर निकाल, याद्या, मुलांची खाती हे सगळं व्हायला वेळ लागतो, हे मी बँकेत असल्यानं चांगलं जाणते. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आईच्या नावाचं स्पेलिंग तिसरं, एवढ्यावरून पैसे अडकलेली मुलं माझ्या टेबलासमोर उभी असतात. तरीही सप्टेंबरात एक परीक्षा घेता येणार नाही, इतकं ते अवघड दिसत नाही मला. दिवाळीच्या आधी. अभ्यास थोडा कमी झालेला असेल, तो सगळ्यांचाच. मुख्याध्यापकांनी तसं पत्र लिहिलंय, मीही सही केलीय. पत्राला पोच आलेली आहे, एवढंच.

ती मुलगी एप्रिलात आली. उंच झाली होती, आवाज बसलेला. नववीसाठी शेजारच्या गावच्या हायस्कूलला नाव घातलंय. एनएमएमएस आठवीतच देता येते, त्यामुळं तिच्यापुरता तो विषय संपला. तिला त्याचं फार वाटलेलं दिसलं नाही. तिला मधल्या महिन्यांत काय काय शिकवलं ते हवं होतं, आणि घड्याळाच्या काट्यांमधल्या कोनाचं एक गणित तिनं फडात बसून वेगळ्याच रीतीनं सोडवलं होतं. रीत बरोबर होती. लांबची होती, पण बरोबर.

मग यंदा आम्ही वर्ग उन्हाळ्यातही सुरू ठेवला. परीक्षाच नाही तर पोरं येतील का, असं मुख्याध्यापकांना वाटत होतं. सकाळी सात ते नऊ, त्यानंतर पत्रे तापतात आणि बसवत नाही. सहावी, सातवी, आठवी सगळीच मिसळ. कारखान्याहून आलेली मुलं जास्त, कारण बाकीच्यांना सुट्टी आहे, मामाचं गाव आहे. सुरुवातीला कोडी, आकृत्या, पत्ते. मग एका रविवारी सातवीतली एक मुलगी बापाला घेऊनच आली. त्याच्या हातात शंभर पानी वही आणि फुटक्या काचेचा मोबाईल. टोळीत दहा कोयते, आणि फडातून भरून गेलेल्या प्रत्येक गाडीचं वजन त्यानं हंगामभर वहीत मांडलेलं. काटा पावत्यांचे फोटोही काढलेले. "हे जरा बघता का मॅडम, बरोबर हाय का."

फळ्यावर मांडलं. सगळ्या गाड्यांची बेरीज मुलांनी वाटून घेतली, तीनदा वेगवेगळी आली, चौथ्यांदा जुळली. २,१०० टन. भागिले दहा, कोयत्याला २१०. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, तेव्हापासूनचा टनाला ३६६ चा दर त्या माणसाला तोंडपाठ होता. ७६,८६० झाले. उचल ९०,०००. म्हणजे अंगावर बाकी १३,१४०. मुकादमानं सांगितलेली बाकी २०,४६०. वर्ग गप्प. मग मागून एका पोरानं वजाबाकी केली, ७,३२०, आणि दुसऱ्यानं ती ३६६ नं भागून पाहिली. नेमके २० टन. कोयत्यामागं २० टन कुठं गेले, यावर पोरांची जी भांडणं लागली तशी शालेय क्षमता चाचणीवर कधी लागलेली मी पाहिली नाहीत. गाडीत उसाबरोबर पाला जातो त्याची कपात असेल. पडून राहिलेल्या उसाची घट असेल. नसेलच, चोरलेत. सहावीतला एक जण म्हणाला, दहा कोयत्यांचे मिळून दोनशे टन होतात, एवढा ऊस लपवणार कुठं?

बाप भिंतीला टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "औंदा उचल घ्यायला हिलाच संगं नेतो मुकादमाकडं." पोरं हसली. मी म्हटलं, न्या, पण उचल घ्यायलाच न्या, तोडायला नको, औंदा तिची आठवी आहे. त्यावर तो काही बोलला नाही. मुलगी मोबाईल डोळ्याजवळ धरून एकेक फोटो पुढं सरकवत होती.

"बापू, ह्या पावतीवर तर तारीखच दिसंना. अन् ह्या दोन्हीवर गाडीचा नंबर एकच हाय."